एचएमटीचं जुनं घड्याळ रिपेअरला आणताय? आधी हे वाचा

कंपनी तर बंद पडली, आता पार्ट कुठून आणणार? एचएमटीची जनता किंवा पायलट ही मॉडेलं घेऊन येणारे बहुतेक जण पहिलं हेच विचारतात. मिळतात पार्ट. 1961 ला बेंगळुरूमध्ये जपानच्या सिटिझनच्या मदतीने एचएमटीची घड्याळं बनायला लागली आणि कंपनी बंद करायचा सरकारी निर्णय झाला 2016 ला, मधल्या इतक्या वर्षांत ती घरोघरी पोचली, त्यातली बंद पडलेली आम्ही विकत घेतो आणि चांगले पार्ट काढून जपून ठेवतो.

पार्ट शोधायला डायलवरच्या नावापेक्षा मशीनचा नंबर महत्त्वाचा. मागचं झाकण काढलं की बॅलन्सजवळ, म्हणजे मागेपुढे झुलणाऱ्या चाकाजवळ, बारीक कोरलेला दिसतो. 020 नंबरचं, 17 ज्वेलचं (ज्वेल म्हणजे झीज कमी करणारे आतले बारीक खडे), हाताने चावी द्यायचं मशीन जनतामध्ये पण येतं आणि पायलटमध्ये पण, त्यामुळे पायलटचा बॅलन्स जनताला बसवता येतो. फक्त झाकण घरी चाकूने उघडू नका, चाकू सटकला तर हेअरस्प्रिंग जाते, आणि केसासारखी ती तार एकदा वाकली की सरळ करणं फार अवघड. हे मशीन तासाला 18,000 ठोके देतं, दिवसाचे 4,32,000 होतात, म्हणून वर्षानुवर्षं तेलपाणी न करता वापरलं तर आतले पिव्होट, म्हणजे चाकांच्या दांड्यांची बारीक टोकं, झिजतातच.

काच, मेनस्प्रिंग (चावी दिली की गुंडाळली जाते ती मुख्य स्प्रिंग), स्टेम (चावीची आत जाणारी दांडी) लवकर मिळतं. काच प्लास्टिकची असते, नुसते ओरखडे असतील तर पॉलिश करून भागतं, बदलायची गरज नाही. चावी, म्हणजे बाजूचं फिरवायचं बटण, निघून आली असेल तर ती टाकू नका, डबीत घालून सोबत आणा, ओरिजिनल चावी मिळणं कठीण झालंय.

आता डायलचं. बाजारात चकचकीत रंगवलेले नवे डायल ढिगाने आहेत, बरेच लोक तोच बसवून द्या म्हणतात. आम्ही आधी एकदा नको म्हणतो. वडिलांच्या मनगटावर पिवळा पडलेला डायल परत कुठेच मिळणार नाही, अक्षरं वाचता येत असतील तर राहू द्या ना. तरी हवाच असेल तर बसवून देऊ, पण तो रंगवलेला आहे हे बिलावर लिहू.

कुठलाही पार्ट तुम्हाला फोन केल्याशिवाय बदलत नाही. काढलेला जुना पार्ट, मोडका असला तरी, पाकिटात घालून घड्याळाबरोबर परत मिळेल. बॅलन्स शोधायचा असेल तर कधीकधी दोन-तीन महिने पण लागतात, लग्नाकार्यासाठी घड्याळ हवं असेल तर तारीख आधीच सांगा.