पिंजऱ्याआधीची विचारपूस

‘वाजिब-उल-अर्ज’ हा शब्द आज एखाद्या तलाठी कार्यालयात उच्चारला तर समोरचा दोनदा विचारेल. पण विदर्भातल्या गावांच्या जुन्या महसुली दप्तरात हे बाड असायचं. पाण्याच्या वाटा, जाण्यायेण्याच्या वहिवाटी, मासे कोणी मारायचे याचे रिवाज, सगळं त्यात लिहून ठेवलेलं. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मध्ये निस्तारपत्रकाच्या, म्हणजे गावच्या पडीक जमिनीच्या वापराच्या नोंदीच्या, जोडीला त्याचीही तरतूद आहे. धरणांच्या पाण्यात मत्स्यपालनाचे पिंजरे, म्हणजे मासे वाढवायचे जाळीचे तरंगते कप्पे, टाकण्याची चर्चा पूर्व विदर्भात सुरू होते, तेव्हा हे बाड आठवतं. आठवलं की त्यातली मेखही आठवते. मासेमारीचे हे रिवाज सरकारच्या ताब्यातल्या पाण्याला लागू होत नाहीत.

आणि इथलं पाणी सरकारच्या ताब्यात गेलं ते १९५१ साली. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने बांधलेले तलाव पुढे मालगुजारांकडे, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांकडे, होते. मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले आणि कागदावर ‘माजी मालगुजारी’ ठरले. लोकांनी त्याचं ‘मामा तलाव’ करून टाकलं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली मिळून असे हजारो तलाव. पाळ, तुडूम म्हणजे पाणी सोडायची मोरी, खाली धानाच्या बांध्या, आणि पाण्यात मासेमार ढिवराचा डोंगा. मासे, झिंगे, शिंगाडा, काठचं देवधान असं बारमाही काही ना काही हाताला लागायचं. मालगुजारीचे गोडवे गायचं कारण नाही, मालगुजार काही धर्मराज नव्हते. पण तलाव कसा वापरायचा हे गावात ठरे.

पुढे मत्स्यव्यवसाय सहकारी संस्था आल्या आणि पाणी ठेक्याने मिळू लागलं. रोहू, कटला, मृगळ यांचं जिरं आणि बोटुकली, म्हणजे माशांची लहान पिल्लं, सोडली की उत्पादन वाढतं, हे खरंच. त्यांच्या सोबतीला गवत्या, चंदेऱ्या आणि सायप्रिनस हे परदेशी मासेही आले. गवत्या पाणवनस्पती फस्त करतो, सायप्रिनस तळाचा गाळ उकरतो. ज्या पाणगवतात मरळ हा इथला देशी मासा पिल्लं सांभाळतो तेच गेलं, तर मरळीनं राहायचं कुठं? अलीकडे गोंदिया-भंडाऱ्यात काही गावांच्या ढिवर बायांनी तलावातलं बेशरम हे माजलेलं झुडूप उपटून पाणवनस्पती पुन्हा लावल्या. तो सगळा खटाटोप ही मोडतोड सावरण्यासाठी. नवी जात पाण्यात सोडण्याआधी काठावरच्यांना विचारावं, असा नियम तेव्हा नव्हता. आजही नाही.

धरणांनी प्रश्न मोठा केला. पेंच नदीवरच्या तोतलाडोह जलाशयाची गोष्ट या बाबतीत सगळ्यात बोलकी. जलाशय राष्ट्रीय उद्यानाच्या मधोमध. मध्य प्रदेश सरकारने विस्थापित आदिवासींच्या ३०५ कुटुंबांना मासेमारीचे परवाने दिले, त्याला आव्हान मिळालं आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. मार्च १९९७ च्या निकालात परवाने टिकले, पण अटींसह: फोटोचं ओळखपत्र, उद्यानात इतरत्र फिरायचं नाही, काठावर चूल पेटवायची नाही. ज्यांची गावं गेली त्यांनी त्याच पाण्यात ओळखपत्र दाखवून उतरायचं.

त्याच्या तीनच महिने आधी, ११ डिसेंबर १९९६ ला, याच न्यायालयाने किनाऱ्यावरच्या कोळंबी शेतीवर निकाल दिला होता. खारं पाणी विहिरींत आणि भातशेतीत उतरतंय, ही तक्रार तमिळनाडूतून आली होती. अर्जदार एस. जगन्नाथन, विनोबांच्या भूदानात काम केलेले. म्हणजे पवनारशी नातं असलेला माणूस. त्या निकालामागोमाग हालचाली होत २००५ साली किनारी मत्स्यशेतीसाठी स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा आला. २०२३ च्या दुरुस्तीने समुद्रातले पिंजरेही त्याच्या कक्षेत घेतले. गोड्या पाण्यातले पिंजरे मात्र बाहेरच राहिले.

मग जनसुनावणीचं काय? पर्यावरण परिणाम मूल्यांकनाची अधिसूचना १९९४ ची, सुनावणी तिला जोडली गेली १९९७ मध्ये, आणि आजची पद्धत १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेची. तीस दिवसांची नोटीस, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी, सगळ्याचं चित्रीकरण. सुनावणी प्रकल्पाच्या जागी किंवा जवळपास व्हावी, असंही त्यात आहे. चंद्रपूरच्या कोळसापट्ट्यात हे सोपस्कार लोकांच्या अंगवळणी पडलेत. एटापल्ली तालुक्यातल्या सूरजागड खाणीच्या विस्ताराची सुनावणी २०२२ मध्ये भरली ती गडचिरोली शहरात, शंभराहून जास्त किलोमीटरवर. पण निदान भरली. त्या अधिसूचनेच्या यादीत खाणी आहेत, धरणं आहेत, मत्स्यपालन नाही.

त्यामुळे धरणातला पिंजरा येतो तो योजनेच्या वाटेने. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झाली. अनुदान सर्वसाधारण गटाला ४० टक्के, अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांना ६० टक्के. प्रचलित पिंजरा सहा मीटर लांब, चार रुंद, चार खोल. आत बहुतेकदा पंगेशियस, मूळचा आग्नेय आशियातला मासा. पदरचे पैसे घालायची ऐपत असलेल्या संस्थेसाठी धंदा वाईट नाही. तोट्याची बाजू पाण्यात राहते: उरलेलं खाद्य, विष्ठा, तळाशी घटणारा प्राणवायू, जाळी फाटली की बाहेर पडणारे मासे. समुद्रात भरती-ओहोटी ही घाण पांगवते. धरणाचं पाणी जागचं फारसं हलत नाही. गोसेखुर्दसारख्या धरणात तर नाग नदी नागपूरचं सांडपाणी कन्हानमार्गे आधीच आणून ओतते.

अमेरिकेत उलट्या टोकाने सुरुवात केली. मे २०२० च्या अध्यक्षीय आदेशानंतर दक्षिण कॅलिफोर्निया आणि मेक्सिकोचं आखात इथे मत्स्यपालनाची क्षेत्रं निवडायला घेतली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या क्षेत्रांच्या पर्यावरण परिणामांचे मसुदे लोकांपुढे ठेवून हरकती मागवल्या. कोणता पिंजरा कोणाचा, हे नंतर. आधी पाण्याबद्दल विचारणं.

आपल्याकडे त्याला कायद्याचा आधार अगदीच नाही असं नव्हे. पेसा कायद्याने (१९९६) अनुसूचित क्षेत्रातल्या लहान जलसाठ्यांचं नियोजन पंचायतींकडे दिलं. वनहक्क कायद्याने (२००६) जलाशयातले मासे आणि इतर उपज हा सामूहिक हक्क मानला. इटियाडोह किंवा गोसेखुर्द हे काही ‘लहान जलसाठे’ नव्हेत, तिथे पेसाची वाट बंद होते. पण ग्रामसभेचा ठराव घ्यायला कोणी अडवलेलं नाही, आणि तिथे येणारी माहिती सल्लागार कंपनीच्या अहवालात सहसा सापडत नाही. उन्हाळी धानाला पाणी सोडलं की पातळी कुठवर उतरते, बुडालेल्या झाडांचे खुंट कुठे उघडे पडतात, जाळं कुठे अडकून फाटतं, पावसाच्या पहिल्या लोंढ्यात मासा कोणत्या नाल्याने वर चढतो. पिंजरा नांगरायची जागा नकाशावर ठरते. तिथे मे महिन्यात पाणी किती उरतं, ते डोंगेवाल्याला विचारावं लागतं.