कुलूप दोन्हीकडे, पण किल्ली कोणाची? न्यूयॉर्कच्या खासगी आणि सामुदायिक बागा

मॅनहॅटनमध्ये बागा बघत हिंडणाऱ्या नव्या माणसाचा घोटाळा होतो तो फाटकापाशी. लोखंडी कुंपण, आत दाट झाडी, फाटकाला कुलूप. ग्रॅमर्सी पार्कला हेच, आणि तिथून अर्ध्या तासाच्या चालीवर ईस्ट व्हिलेजमधल्या सामुदायिक बागांनाही हेच. मग कोणी दोन्हींना खासगी समजून पुढे निघून जातो, तर कोणी सामुदायिक म्हणजे सार्वजनिक उद्यानच असं धरून आत शिरतो आणि दुसऱ्याच्या टोमॅटोला हात लावतो. दोन्ही चूक.

ग्रॅमर्सी समजायला सोपी. विसाव्या आणि एकविसाव्या रस्त्यांच्या मधली ही जेमतेम दोन एकरांची बाग. सॅम्युएल रगल्स नावाच्या जमीनमालकाने १८३१ मध्ये इथल्या दलदलीभोवती प्लॉट पाडले आणि मधली जागा त्या प्लॉटधारकांसाठी विश्वस्तांच्या नावे करून दिली. आजही ती भोवतालच्या ३९ मिळकतींची आहे. किल्ली हवी तर त्यातल्या एखाद्या इमारतीत घर हवं. कुलपं दरवर्षी बदलतात, त्यामुळे गेल्या वर्षीच्या किल्लीचा उपयोग नाही. बाकीच्यांनी कुंपणाभोवती चक्कर मारायची आणि गजांतून एडविन बूथ या नटाचा पुतळा बघायचा. आपल्याकडची सोसायटीची बाग याच जातीची: फ्लॅट आहे म्हणून हक्क आहे.

सामुदायिक बागेची गोष्ट वेगळ्या टोकाकडून सुरू होते. १९७०च्या दशकात शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होतं. लोअर ईस्ट साइडमधले (ईस्ट व्हिलेज हा तिचाच भाग) मालक इमारती सोडून गेले, कित्येक इमारती जळाल्या, पाडल्या गेल्या, आणि मोकळ्या प्लॉटवर विटांचे ढिगारे नि कचरा साचला. १९७३ मध्ये लिझ क्रिस्टी आणि तिच्या 'ग्रीन गुरिल्ला' सोबत्यांनी बावरी आणि ह्यूस्टन रस्त्यांच्या कोपऱ्यावरचा असाच एक प्लॉट साफ केला, माती आणली, वाफे घातले. पुढच्याच वर्षी महापालिकेने तो त्यांना महिना एक डॉलर भाड्याने दिला. पाठोपाठ गल्लोगल्ली लोक कामाला लागले, त्यात पोर्तो रिको या कॅरिबियन बेटावरून आलेली कुटुंबं पुष्कळ. १९७८ मध्ये या बागांसाठी 'ग्रीनथंब' हा सरकारी कार्यक्रम सुरू झाला. आज त्याखाली शहरभर साडेपाचशेच्या आसपास बागा आहेत.

म्हणजे इथे जमीन बहुतेक ठिकाणी शहराची, आणि राबणं शेजाऱ्यांचं. किल्ली सभासदाला मिळते, आणि सभासद व्हायला घर विकत घ्यावं लागत नाही. झाडलोट, पाणी घालणं, कंपोस्ट खालीवर करणं यात आपला वाटा उचलावा लागतो. त्या बदल्यात काहींना आतमध्ये खाटेएवढा वाफा मिळतो. शहराच्या जुन्या मातीत शिसं या विषारी धातूचा धोका असतो, म्हणून भाजीचे वाफे लाकडी चौकटीत, बाहेरून आणलेली माती भरून, जमिनीपासून वर उचललेले असतात. तो वाफा त्या माणसाचा, त्यातलं पीकही त्याचंच. बाग सगळ्यांची, पण टोमॅटो सगळ्यांचे नव्हेत.

अव्हेन्यू सीजवळच्या एका बागेत मी कंपोस्टच्या पेटीपाशी उभी होते. झाकण उघडलं तशी वाफ आली आणि कॉफीच्या चोथ्याचा वास. पेटी हलवणाऱ्या आजोबांनी शेजारच्या वाफ्यातलं एक लांबट, करवती कडांचं पान खुडून माझ्या हातावर ठेवलं. म्हणाले, "रेकाओ." चुरडलं तर थेट कोथिंबीर, फक्त जास्त उग्र. पोर्तो रिकोच्या घरांत घेवड्याच्या उसळीला याच्याशिवाय चव नाही, असं ते सांगत होते, आणि मला आमच्या परसातली पाट्याशेजारची कोथिंबिरीची जुडी आठवत होती.

या दोन बागांतला मला सर्वांत मोठा वाटणारा फरक मात्र डोळ्यांना दिसत नाही. ग्रॅमर्सीला कधी बुलडोझरची भीती नव्हती, कागद पक्के होते. लोकांच्या बागांकडे मालकीचे कागद नव्हते. जमिनीला भाव आला तसा शहराने १९९९ मध्ये ११४ बागांचा लिलाव काढला. आयत्या वेळी ट्रस्ट फॉर पब्लिक लँड ही मोकळ्या जागा राखणारी संस्था आणि अभिनेत्री बेट मिडलरची संस्था यांनी त्या विकत घेतल्या, म्हणून वाचल्या. सातव्या रस्त्यावरची एस्पेरांझा ही बाग मात्र त्या खरेदीत नव्हती, ती वाचली नाही. कोकी या पोर्तो रिकोच्या चिमुकल्या बेडकाची प्रचंड आकृती उभारून लोक तिथे रात्रंदिवस पहारा देत होते. फेब्रुवारी २०००मध्ये बुलडोझर आलाच. उकिरड्यावर बावीस वर्षं वाढवलेली बाग एका सकाळीत गेली, हे वाचून आजही राग येतो. २००२ मध्ये समझोता झाला आणि शेकडो बागांना संरक्षण मिळालं.

बघायला जाणार असाल तर एप्रिल ते ऑक्टोबरमध्ये जा. त्या काळात ग्रीनथंबच्या बागांनी आठवड्याला किमान वीस तास सर्वांसाठी फाटक उघडं ठेवायचं असा नियम आहे; वेळा पाटीवर असतात, आणि शनिवार-रविवारची दुपार सहसा साधते. सहावा रस्ता आणि अव्हेन्यू बीच्या कोपऱ्यावरची बाग, नवव्या रस्त्यावरची ला प्लाझा कुल्तुराल, ह्यूस्टनवरची लिझ क्रिस्टी बाग, एवढं एका दुपारीत पायी होतं. फाटक उघडं दिसलं की खुशाल आत जा. वाफ्यात कोणी वाकलेलं असेल तर काय लावलंय ते विचारा.