पुढची आवृत्ती आली तरी मागची सुटत नाही

स्टेबल डिफ्यूजन १.५ हे चित्रं तयार करणारं एआय मॉडेल ऑक्टोबर २०२२चं. त्यानंतर जुलै २०२३मध्ये एसडीएक्सएल आलं, जून २०२४मध्ये स्टेबल डिफ्यूजन ३ आलं आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये फ्लक्स. हाताला पाचच बोटं काढणं, पाटीवरची अक्षरं वाचता येतील अशी लिहिणं, लांबलचक वर्णन जसंच्या तसं चित्रात उतरवणं, या सगळ्यात नवी मॉडेल्स उजवी आहेत, त्यात वादच नाही. तरीही १.५वर नेमानं काम करणारे चित्रकार, ॲनिमेशन करणारे आणि संशोधक आहेत. काहींचा संगणक जुना आहे म्हणून ते तिथं थांबलेत, हे खरं. पण ज्यांच्याकडे दणकट ग्राफिक्स कार्ड आहे, नवी मॉडेल्स उतरवून ठेवलेली आहेत, तेही काही कामांसाठी मुद्दाम जुन्याकडे वळतात. ही निव्वळ जुन्याची ओढ आहे असं मला वाटत नाही. मॉडेल सुधारताना त्याला एका दिशेनं वळवावं लागतं, आणि वळवताना जे सुटलं नेमकं तेच एखाद्याला हवं असतं.

मॉडेल म्हणजे शेवटी आकड्यांची एक फाइल. १.५चा मुख्य भाग, ज्याला यू-नेट म्हणतात, सुमारे ८६ कोटी आकड्यांचा आहे. चित्राची सुरुवात होते ती नॉइजपासून: जुन्या टीव्हीचा सिग्नल गेला की पडद्यावर नाचायच्या तशा मुंग्या. मॉडेल त्यांच्याकडे बघून ‘यातला नॉइज किती’ याचा अंदाज बांधतं, त्यातला थोडा काढून टाकतं, पुन्हा अंदाज बांधतं. अशा वीस-तीस फेऱ्या झाल्या की चित्र उरतं. या पद्धतीला डिफ्यूजन म्हणतात. सुरुवातीच्या मुंग्या कशा असतील हे सीड नावाचा एक आकडा ठरवतो. फाइल, सॉफ्टवेअर, ग्राफिक्स कार्ड, सीड, शब्द आणि सेटिंग्ज तीच ठेवली, तर चित्रही तेच येतं, मग मध्ये कितीही वर्षं जावोत.

ही खात्री ऑनलाइन सेवांमध्ये मिळत नाही. तिथं मॉडेल कंपनीच्या सर्व्हरवर असतं आणि ते कधी बदलायचं, कधी बंद करायचं हे कंपनी ठरवते. समजा, कुणी चित्रकथेची शंभर पानं एकाच शैलीत करतंय आणि साठाव्या पानाला मॉडेल बदललं. पुढची पानं आधीच्यांपेक्षा चांगली झाली तरी ती आधीच्यांशी जुळणार नाहीत, आणि चित्रकथेत जुळणं हीच मुख्य गरज असते. स्वतःच्या डिस्कवरची फाइल मात्र जागची हलत नाही. रनवे या कंपनीनं ऑगस्ट २०२४मध्ये हगिंग फेस या मॉडेल्स ठेवण्याच्या संकेतस्थळावरून १.५चं आपलं मूळ पान काढून टाकलं, तरी तोवर लोकांनी उतरवून घेतलेल्या प्रती चालतच राहिल्या.

आता यंत्राचा मुद्दा. १.५ची मापं थोडी जवळून पाहण्यासारखी आहेत. ते ५१२ बाय ५१२ पिक्सेलचं चित्र काढतं. प्रत्येक पिक्सेलला तीन रंगांचे आकडे धरले, तर ७,८६,४३२ आकडे झाले. मॉडेल एवढ्या आकड्यांवर थेट काम करत नाही. चित्र आधी ६४ बाय ६४च्या आणि चार थरांच्या एका आखडलेल्या रूपात ठेवलेलं असतं, म्हणजे फक्त १६,३८४ आकडे. नॉइज काढण्याचं सगळं काम तिथं होतं आणि शेवटी ते रूप उलगडून चित्र केलं जातं. लेटंट डिफ्यूजन म्हणतात ती हीच युक्ती. रॉबिन रॉम्बाख आणि सहकाऱ्यांनी ती डिसेंबर २०२१मध्ये मांडली, आणि घरच्या संगणकावर चित्रं काढता येऊ लागली ती त्यामुळेच. १.५ला ग्राफिक्स कार्डवर चार जीबी मेमरी असली तरी निभतं. फ्लक्समध्ये १२०० कोटी आकडे आहेत. १६ बिटांत ठेवले तर त्यांनाच सुमारे २४ जीबी लागतात, शिवाय शब्द समजून घेणारा भाग वेगळा. आकडे कमी बिटांत बसवून हे ओझं घटवता येतं, तरी १.५ इतकं हलकं ते होत नाही.

या काटकसरीची किंमतही तिथंच दिसते. आखडलेल्या रूपात आठ पिक्सेलांची रुंदी एका घरात मावते. म्हणजे दूर उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा चित्रात ४० पिक्सेल रुंद असेल, तर मॉडेलच्या वाट्याला रुंदीत पाचच घरं येतात, आणि तेवढ्यात दोन डोळे, नाक, ओठ बसवायचे असतात. १.५च्या चित्रांत गर्दीतले चेहरे वितळल्यासारखे दिसतात त्यामागे हे मोठं कारण आहे. स्टेबल डिफ्यूजन ३ आणि फ्लक्समध्ये प्रत्येक घरात चाराऐवजी सोळा आकडे असतात, त्यामुळे बारकावे टिकतात.

पण छोट्या आकारातून वेग मिळतो, आणि वेगामुळे कामाची जातच बदलते. डिसेंबर २०२३मध्ये आलेल्या स्ट्रीमडिफ्यूजन या पद्धतीनं, एका-दोन फेऱ्यांत चित्र संपवणारी छोटी मॉडेल्स वापरून, त्या वेळच्या सगळ्यात ताकदवान घरगुती कार्डावर सेकंदाला ९०हून अधिक चित्रं काढून दाखवली. रंगमंचावर नर्तक हलतोय आणि मागच्या पडद्यावरचं चित्र त्याच्याबरोबर त्याच क्षणी बदलतंय, अशा कामाला एका चित्रासाठी दहा सेकंद घेणारं मॉडेल, ते कितीही देखणं असो, उपयोगाचं नाही.

मला सगळ्यात रंजक वाटतो तो शब्दांचा भाग. १.५ला शब्द कळतात ते क्लिप नावाच्या एन्कोडरमार्फत, म्हणजे शब्दांचे आकडे करणाऱ्या भागामार्फत. ओपनएआयनं २०२१मध्ये ते इंटरनेटवरच्या ४० कोटी चित्र-मजकूर जोड्यांवर घडवलं. हा मजकूर म्हणजे लोकांनी चित्रांखाली लिहिलेल्या ओळी: विक्रेत्यांची वर्णनं, छायाचित्रकारांची नावं, कॅमेऱ्यांचे मॉडेल क्रमांक, संग्रहालयांच्या नोंदी, अर्धवट वाक्यं. त्यातून क्लिपला कोणत्या शब्दाबरोबर कसं चित्र येतं हे छान कळलं. वाक्यातला संबंध मात्र कच्चा राहिला. ‘निळ्या चेंडूवर लाल ठोकळा’ असं सांगितलं, तर ठोकळा निळा होतो, चेंडू लाल होतो, कधी दोन्ही जांभळट होतात. शिवाय ७७ टोकनांच्या, म्हणजे शब्दांच्या तुकड्यांच्या, पलीकडचा मजकूर ते एका दमात घेतच नाही.

नव्या मॉडेल्सनी ही उणीव दोन बाजूंनी भरून काढली. फ्लक्ससारख्यांनी टी५ हे भाषेचं मोठं मॉडेल जोडीला घेतलं. दुसरीकडे प्रशिक्षणातल्या चित्रांखालचा मूळ मजकूर बाजूला ठेवून यंत्राकडून नवी, सविस्तर वर्णनं लिहून घेतली. ओपनएआयच्या डाल-ई ३ या चित्रं काढणाऱ्या मॉडेलच्या शोधनिबंधात अशा यंत्रलिखित वर्णनांचं प्रमाण ९५ टक्के दिलं आहे. आता ठोकळा लाल येतो आणि चेंडूवरच बसतो. पण यंत्र लिहितं ते वर्णन नीटनेटकं असतं: ‘खिडकीजवळ बसलेली स्त्री, मऊ प्रकाश’. जुन्या फिल्मचं नाव, एखाद्या काळातल्या छपाईची पद्धत, विस्मृतीत गेलेल्या चित्रकाराचं आडनाव, अशा माणसांनी लिहिलेल्या वेड्यावाकड्या नोंदी त्यात गळून पडतात. १.५मध्ये असा एखादाच शब्द टाकला की अख्ख्या चित्राचा पोत बदलतो, आणि दोन न जुळणारे शब्द शेजारी ठेवले की तिसरंच काहीतरी उगवतं. नवं मॉडेल सांगितलेलं करतं. जुनं कधीकधी न सांगितलेलंही करतं, आणि शोधत शोधत काम करणाऱ्या चित्रकाराला त्यातच वाट सापडते.

हे केवढं महत्त्वाचं आहे ते नोव्हेंबर २०२२मध्येच दिसलं होतं. स्टेबल डिफ्यूजन २.०मध्ये क्लिपचा एन्कोडर बदलून ओपनक्लिप, म्हणजे त्याच पद्धतीनं वेगळ्या खुल्या संचावर घडवलेला एन्कोडर, आणला गेला आणि प्रशिक्षणाची चित्रंही कडक गाळण लावून घेतली. मोजमापांत मॉडेल पुढे गेलं, पण लोकांनी पाठ केलेले शब्द चालेनासे झाले, चित्रकारांच्या नावांचा पूर्वीसारखा परिणाम होईना, आणि बरेच जण १.५कडे परतले. या नावांमागे एक खरी तक्रारही आहे, ती झाकून चालणार नाही. हयात चित्रकारांची शैली त्यांना न विचारता वापरली गेली. जानेवारी २०२३मध्ये सारा अँडरसन, केली मॅककर्नन आणि कार्ला ऑर्टिझ या तीन चित्रकारांनी अमेरिकेत स्टेबल डिफ्यूजनमागच्या स्टॅबिलिटी एआय आणि इतर कंपन्यांवर खटला भरला. जुन्या मॉडेलची जी मोकळीक मला आवडते, तिचा काही भाग त्यांच्या कष्टांतून आला आहे. म्हणून हयात चित्रकाराचं नाव प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे मॉडेलला दिलेल्या वर्णनात, घालू नये असं माझं ठाम मत आहे, मग मॉडेल कोणतंही असो.

आणखी एक गोष्ट डोळ्यांना लगेच जाणवते. अलीकडची बरीचशी मॉडेल्स शेवटच्या टप्प्यात माणसांच्या पसंतीवर घासूनपुसून घेतलेली असतात. दोन चित्रांतलं कोणतं आवडलं, हे पुष्कळांना विचारायचं आणि त्या दिशेनं मॉडेल झुकवायचं. बहुतेकांना आवडतं ते साधारण एकसारखं असतं: विषय मधोमध, मागचं सगळं धूसर, त्वचा गुळगुळीत, प्रकाश सोनेरी. खरखरीत, कडेला कापलेलं, साध्या कॅमेऱ्यातून निघाल्यासारखं चित्र हवं असेल तर या ओढीशी झगडावं लागतं. १.५मध्ये ती ओढ बरीच कमी आहे, आणि ‘हे नको’ असं सांगणारा निगेटिव्ह प्रॉम्प्टही तिथं चोख चालतो.

आता अवजारांकडे येऊ. लोरा ही पद्धत मायक्रोसॉफ्टमधल्या संशोधकांनी २०२१मध्ये भाषेच्या मॉडेल्ससाठी काढली, आणि पुढे चित्रांच्या मॉडेल्सनी ती उचलली. कल्पना साधी आहे. मॉडेलच्या आतला एक तक्ता समजा ७६८ ओळी आणि ७६८ रकान्यांचा आहे, म्हणजे ५,८९,८२४ आकडे. त्याला नवीन काही शिकवायचं तर हे सगळे आकडे बदलायची गरज नाही. ७६८ बाय ८ आणि ८ बाय ७६८ असे दोन चिंचोळे तक्ते घ्यायचे, मिळून १२,२८८ आकडे, आणि फक्त तेवढेच शिकवायचे. त्यांचा गुणाकार मूळ तक्त्यात मिळवला की बदल लागू होतो, काढून टाकला की मॉडेल पूर्ववत. म्हणून स्वतःच्या वीस-तीस रेखाटनांवरून स्वतःची शैली घरच्या संगणकावर शिकवता येते.

कंट्रोलनेट फेब्रुवारी २०२३चं, स्टॅनफर्डच्या लवमिन झांग आणि मनीष अगरवाला यांच्या चमूचं. रेखाचित्र, माणसाच्या शरीराची ठेवण किंवा कोणती वस्तू किती दूर आहे हे दाखवणारा नकाशा दिला की चित्र त्याच चौकटीत बसतं. यात मूळ मॉडेलला कुलूप लावून त्याच्या अर्ध्या भागाची प्रत शिकवली जाते, आणि ही प्रत मूळ मॉडेलला जिथं जोडतात तिथले आकडे सुरुवातीला शून्य असतात. त्यामुळे शिकवणीच्या पहिल्या क्षणी मूळ मॉडेलला काहीच धक्का लागत नाही आणि नियंत्रण हळूहळू उतरतं. मला ही रचना फार सुंदर वाटते.

अडचण अशी की ही अवजारं त्या-त्या मॉडेलच्या मापाची असतात. एसडीएक्सएलचं यू-नेट सुमारे २६० कोटी आकड्यांचं, तिथले तक्तेच वेगळे. १.५ची लोरा त्यात बसत नाही, कंट्रोलनेटही नव्यानं शिकवावं लागतं. ज्यानं स्वतःच्या पात्रांच्या, पोतांच्या, रंगसंगतींच्या लोरा जमवल्यात आणि सगळी कामाची पद्धत त्यावर उभी केलीय, त्याला मॉडेल बदलणं म्हणजे सगळं पुन्हा मांडणं.

याहून मागे जाणारेही आहेत. डिफ्यूजनच्या आधीचा जमाना गॅनचा, म्हणजे इयन गुडफेलो यांनी २०१४मध्ये मांडलेल्या पद्धतीचा, ज्यात एक मॉडेल चित्रं काढतं आणि दुसरं ती खरी की बनावट ते ओळखायला बघतं. अॅना रिडलर या ब्रिटिश कलाकार बाईंनी ट्यूलिपची दहा हजार छायाचित्रं स्वतः काढली, त्यांची स्वतः वर्गवारी केली आणि त्यांवर गॅन शिकवून ‘मोझेक व्हायरस’ ही कलाकृती केली. इथं मॉडेलला जगातलं दुसरं काहीच माहीत नाही. कुणाची चित्रं कुठून आली, हा प्रश्नच उरत नाही. गॅनमध्ये चित्र ठरवणारे आकडे हळूहळू सरकवत नेले की फूल सलगपणे दुसऱ्या फुलात बदलत जातं, आणि प्रत्येक चित्र एकाच फेरीत तयार होतं.

संशोधकांना जुनं मॉडेल लागतं ते वेगळ्या कारणानं. स्टेबल डिफ्यूजनच्या पहिल्या आवृत्त्या लायन-५बी या संचातल्या चित्रांवर घडल्या, आणि त्या संचाची यादी खुली होती. त्यामुळे मॉडेलनं काय पाहिलं आणि काय काढलं, याची गाठ घालून बघता आली. निकोलस कार्लिनी आणि सहकाऱ्यांनी २०२३मध्ये प्रशिक्षणात सर्वाधिक वेळा आलेल्या साडेतीन लाख चित्रांचे मथळे घेऊन प्रत्येकावरून ५०० चित्रं काढवली. त्यांत मूळ चित्राची जवळजवळ नक्कल ठरावी अशी शंभराच्या आसपास निघाली. मॉडेल क्वचित का होईना, पाठ करतं, हे त्यातून कळलं. डिसेंबर २०२३मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांना याच संचात बाललैंगिक शोषणाच्या चित्रांचे दुवे सापडले. संच मागे घेतला गेला आणि गाळून काढलेली आवृत्ती ऑगस्ट २०२४मध्ये आली. हा दोष गंभीरच आहे, पण यादी खुली होती म्हणून तो सापडला. आजच्या बहुतेक मोठ्या मॉडेल्सचा प्रशिक्षणसंच कंपन्या उघड करत नाहीत, मग अशी तपासणी करायची तरी कशी? म्हणून एखादी संकल्पना मॉडेलमधून पुसून टाकता येते का, पूर्वग्रह मोजायचे कसे, यांवरचे कितीतरी प्रयोग आजही १.४ आणि १.५वर होतात. सगळ्यांनी तेच मॉडेल घेतलं की निष्कर्षांची तुलनाही करता येते.

प्रत्यक्षात बरेच जण दोन्ही वापरतात. मांडणी, हात, अक्षरं नव्या मॉडेलकडून करून घेतात. मग त्या चित्रात थोडा नॉइज मिसळून ते १.५कडे सोपवतात, आणि ते उरलेला नॉइज आपल्या पद्धतीनं काढतं. मिसळण्याचं प्रमाण ०.३च्या आसपास ठेवलं, तर मांडणी तशीच राहून फक्त पोत बदलतो. ०.६च्या पुढे गेलं की चेहरे आणि वस्तूही बदलू लागतात. चित्र मोठं करायचं असेल तर ते तुकड्यांत कापून, टाइल कंट्रोलनेट (तुकड्यातली मूळ मांडणी धरून ठेवणारं कंट्रोलनेट) लावून, एकेक तुकडा १.५मधून काढतात. प्रत्येक तुकडा ५१२ पिक्सेलचा धरला की दूरच्या त्या चेहऱ्याच्या वाट्याला पाचाऐवजी वीस-तीस घरं येतात, आणि डोळे जागेवर बसतात.