उपचार बदलत गेले, तसे मेंदूतले जंतूही बदलले

केमो चालू असलेल्या रुग्णाला ताप आला आणि तो असंबद्ध बोलू लागला, की डॉक्टर आधी तीन गोष्टी विचारतात: औषध कोणते, शेवटचा डोस कधी, पांढऱ्या पेशी किती. या प्रश्नांमागे बराच मोठा इतिहास आहे. कर्करोगावर नवा उपचार आला, की काही वर्षांत मेंदूचा एखादा अनोळखी संसर्गही समोर यायचा.

पाठीच्या कण्यातून पाणी काढून तपासण्याची पद्धत क्विंके यांनी १८९१ मध्ये रूढ केली. पण ल्युकेमियाचे रुग्ण तेव्हा फार जगतच नसत. १९४८ मध्ये सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिन हे औषध देऊन मुलांमधला ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) काही काळ आटोक्यात आणून दाखवला. त्यानंतर औषधे वाढली, आयुष्य वाढले आणि पांढऱ्या पेशी कमी असण्याचे दिवसही वाढले. ते किती धोक्याचे, हे १९६६ मध्ये बोडी आणि सहकाऱ्यांनी आकड्यांत मांडले: जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, म्हणजे न्यूट्रोफिल, रक्ताच्या दर घनमिलिमीटरला १००० च्या खाली उतरल्या की संसर्ग वाढतात आणि १०० च्या खाली ते सर्वाधिक असतात.

मेंदूज्वराच्या निदानात इथेच घात होतो. मान आखडते ती मेंदूच्या आवरणाला सूज आल्यामुळे, आणि सूज आणतात पांढऱ्या पेशी. त्याच उरल्या नसतील तर मान मऊच राहते, पाठीतल्या पाण्यातही मोजक्याच पेशी दिसतात, आणि ‘रिपोर्ट साधा आहे’ असे समजून रुग्ण हातचा जातो. म्हणून पेशी दिसोत वा न दिसोत, कल्चर (जंतू वाढवून पाहण्याची चाचणी) लावायचेच. प्लेटलेट ४०-५० हजारांच्या खाली असतील तर आधी प्लेटलेट चढवायच्या, मग सुई घालायची. स्कॅन किंवा सुईसाठी प्रतिजैविक मात्र थांबवायचे नाही: रक्ताचे कल्चर घ्या, लगेच पहिला डोस द्या, बाकीचे त्यानंतर.

लिम्फोमाची (लसिका ग्रंथींच्या कर्करोगाची) आणि दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्यात न्यूट्रोफिलपेक्षा टी पेशी (दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी) दुबळ्या असतात, त्यामुळे जंतूही वेगळे. लिस्टेरिया या जिवाणूचे वर्णन १९२६ मध्ये केंब्रिजमध्ये आजारी सशांवरून झाले. हा जंतू फ्रिजच्या थंडीतही वाढतो आणि सेफॅलोस्पोरिन गटातली प्रतिजैविके त्याला लागू पडत नाहीत. त्याच गटातले नुसते सेफ्ट्रिअॅक्सोन सुरू करून निर्धास्त राहणे ही त्यामुळे जीवघेणी चूक ठरते. सोबत अँपिसिलिन हे प्रतिजैविक हवे: मूत्रपिंड ठीक असलेल्या प्रौढाला दर ४ तासांनी २ ग्रॅम, किमान ३ आठवडे.

क्रिप्टोकॉकस ही बुरशी ओळखायची जुनी रीत सुंदर आहे. काचपट्टीवर पाठीतल्या पाण्याचा एक थेंब आणि काळ्या शाईचा एक थेंब. सूक्ष्मदर्शकाखाली सगळे काळे, आणि त्यात गोल पेशीभोवती शाई न शिरलेले स्वच्छ वलय. शाईत न दिसणारी बुरशी आता अँटिजेन चाचणीत (बुरशीचे अंश शोधणाऱ्या चाचणीत) सापडते. पण पाण्याचा दाब मोजायला विसरू नये. रुग्णाला कुशीवर झोपवून मोजलेला दाब २५ सेंटिमीटरच्या वर असेल, तर पाणी काढून तो उतरवावा लागतो, गरज पडल्यास रोज. औषध बरोबर असूनही दृष्टी जाते, ती या दाबाने.

१९५८ मध्ये ऑस्ट्रम, मॅन्कॉल आणि रिचर्डसन यांनी क्रॉनिक लिम्फॅटिक ल्युकेमिया आणि हॉजकिनच्या (लिम्फोमाचा एक प्रकार) रुग्णांमधला एक नवाच मेंदूविकार नोंदवला. मेंदूच्या पांढऱ्या भागात ठिकठिकाणी मायलिन (मज्जातंतूंवरचे आवरण) झडलेले, ताप नाही, पाण्यात फारसे काही नाही. नाव पडले पीएमएल (प्रोग्रेसिव्ह मल्टिफोकल ल्युकोएन्सेफॅलोपॅथी). १९६५ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात विषाणूचे कण दिसले आणि १९७१ मध्ये हॉजकिनच्या एका रुग्णाच्या मेंदूतून विषाणू वेगळा काढला गेला. त्या रुग्णाच्या आद्याक्षरांवरून तो जेसी विषाणू. बहुतेक प्रौढांच्या शरीरात तो निपचित पडून असतो, म्हणजे हा संसर्ग बाहेरून येत नाही, आतूनच जागा होतो. त्याच्यावर नेमके औषध आजही नाही. प्रतिकारशक्ती परत आणणे हाच उपाय, आणि लिम्फोमाच्या रुग्णात तेच सर्वांत कठीण. १९९७ मध्ये रिटुक्सिमॅब या लिम्फोमावरच्या औषधाला मान्यता मिळाली आणि पुढे त्याच्या रुग्णांतही पीएमएल दिसला. पाठीतल्या पाण्यात विषाणू शोधणारी पीसीआर चाचणी एकदा निगेटिव्ह आली म्हणून शंका सोडू नये.

शस्त्रक्रियांनीही वाटा उघडल्या. हॉजकिनचा टप्पा ठरवण्यासाठी एकेकाळी प्लीहा काढत, आणि अशा रुग्णाला न्यूमोकॉकस हा जिवाणू काही तासांत गाठू शकतो. मेंदूतल्या पाण्यात औषध सोडण्यासाठी डोक्याच्या कातडीखाली बसवायची ओमाया टाकी १९६३ ची. तिच्यात सहसा कातडीवरचेच जंतू शिरतात आणि त्यांतले काही फार सावकाश वाढतात, म्हणून कल्चर घाईने निगेटिव्ह ठरवू नये.

२०१३ मध्ये लिम्फोमावरचे इब्रुटिनिब हे औषध आले, आणि न्यूट्रोफिल पुरेसे असलेल्या रुग्णांच्या मेंदूतही अॅस्परजिलस ही बुरशी आढळू लागली. मेंदूत चांगले पोचणारे व्होरिकोनाझोल हे बुरशीविरोधी औषध त्यावर चालते, पण ते इब्रुटिनिबचे विघटन रोखून त्याचे रक्तातले प्रमाण खूप वाढवते. म्हणून व्होरिकोनाझोलचा पहिला डोस देण्याआधी इब्रुटिनिब थांबवायचे की कमी करायचे, हे ठरलेले असावे लागते.