इंग्लंडमधली प्रिसेप्टरशिप: कोणाला मिळते, काय लागतं आणि कुठे अडतं

प्रिसेप्टरशिप म्हणजे नर्सच्या कामाचे सुरुवातीचे साधारण बारा महिने, ज्यात एक अनुभवी नर्स (प्रिसेप्टर) आधार आणि मार्गदर्शन देते. त्यासाठी सरकारी पोर्टल शोधत बसू नका, तसं पोर्टलच नाही. अर्ज आपल्याच एनएचएस ट्रस्टच्या (सरकारी आरोग्यसेवेतली, रुग्णालयं चालवणारी संस्था) प्रिसेप्टरशिप लीडकडे, म्हणजे हे काम बघणाऱ्या प्रमुखाकडे जातो. नर्सची नोंदणी करणाऱ्या एनएमसीची २०२० ची तत्त्वं काय किंवा एनएचएस इंग्लंडचं २०२२ चं फ्रेमवर्क काय, दोन्ही शिफारशीच, कायदा नाही. हक्काने मागता येतं ते ट्रस्टच्या धोरणात लिहिलेलं तेवढंच. मुलाखतीत ‘सपोर्ट मिळेल हो’ म्हणणाऱ्यांवर विसंबू नका. ऑफर स्वीकारण्याआधी ते धोरण ईमेलवर मागून घ्या.

पात्र कोण? नुकतीच नोंदणी झालेले, परदेशात शिकून आलेले आणि मोठ्या खंडानंतर कामावर परतलेले. महाराष्ट्रात आयसीयूत दहा वर्षं काढलेली सिस्टरही यात बसते. ‘तुम्ही अनुभवी, तुम्हाला कशाला?’ असं वॉर्डात ऐकवलं जातं, तेव्हा फ्रेमवर्कच पुढे करावं.

सर्वात जास्त गोंधळ तारखेचा. विमानातून उतरल्यापासून बारा महिने मोजू नका. नोकरी सुरू झाल्यापासून १२ आठवड्यांच्या आत ऑस्कीचा (परदेशात शिकलेल्यांची नोंदणीसाठीची प्रात्यक्षिक परीक्षा) पहिला प्रयत्न करायचा असतो; ती मुदत वेगळी आणि ऑस्कीची तयारी म्हणजे प्रिसेप्टरशिप नव्हे. प्रिसेप्टरशिप सुरू होते ती पिन, म्हणजे एनएमसीचा नोंदणी क्रमांक, मिळून नोंदणीकृत नर्स म्हणून काम सुरू केल्यावर. फॉर्मवर पिनच्या चौकटीत नोंदणीच्या अर्जाचा क्रमांक टाकलात की फॉर्म परत आलाच म्हणून समजा. पिनमध्ये आधी दोन अंकी वर्ष, मग महिन्याचं अक्षर, चार अंक आणि शेवटी पुन्हा एक अक्षर असतं. भारतात शिकलेल्यांना शेवटी ‘ओ’ येतो, त्याला शून्य समजू नका.

कागदपत्रं फारशी नाहीत: पिन, रुजू झाल्याची तारीख, इंडक्शन (नव्या कर्मचाऱ्यांची सुरुवातीची ओळख-प्रशिक्षणं) पूर्ण केल्याची नोंद. लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर पासपोर्ट, एनएमसी आणि पगाराची नोंद तिन्हीकडे एकच नाव आहे ना, हे आधी बघा.

खरा अडसर फॉर्ममधल्या शिकण्याच्या गरजांच्या तक्त्याचा. तिथे ‘सर्व कौशल्ये’ लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं. सिरिंज पंप लावणं, हँडओव्हर देणं (पुढच्या शिफ्टला पेशंटची माहिती सोपवणं), बिघडणाऱ्या पेशंटसाठी डॉक्टरांना फोनवर बोलावणं, असं एकेक काम लिहा. भारतात शेकडो आयव्ही (शिरेतून दिली जाणारी औषधं) दिल्या असतील, पण ट्रस्टने तपासून सही करेपर्यंत बहुतेक ठिकाणी त्या स्वतंत्रपणे देता येत नाहीत. तेही तक्त्यात घाला.

मग रोटा (ड्युटीचं वेळापत्रक) तपासा. फ्रेमवर्कप्रमाणे सुरुवातीचे किमान दोन आठवडे सुपरन्युमररी, म्हणजे त्या शिफ्टच्या मनुष्यबळात तुमची गणती नाही. प्रत्यक्षात कोणी आजारी पडलं की पहिला घास याच आठवड्यांचा. तसं झालं तर त्याच दिवशी वॉर्ड मॅनेजरला दोन ओळींचा ईमेल टाका. तोंडी तक्रारीची नोंद कुठेच उरत नाही. प्रिसेप्टरला नोंदणीनंतरचा किमान १२ महिन्यांचा अनुभव हवा. तुमचं मूल्यमापन करणारा मॅनेजरच प्रिसेप्टर असेल तर बदलून मागा, त्याच्यापुढे अडचण कोण मोकळेपणी सांगणार?

सुरुवातीची, मधली आणि शेवटची बैठक झाल्याच्या दिवशीच सही घ्या. आजारपण किंवा बाळंतपणाची रजा लागली तर मुदत वाढवण्याची विनंती लेखी करा. लिहिलेली रिफ्लेक्शन्स, म्हणजे अनुभवातून काय शिकलात याची टिपणं, जपून ठेवा. तीन वर्षांनी रीव्हॅलिडेशनला, म्हणजे नोंदणीच्या नूतनीकरणाला, पाच लागतात.