पवनी (जिल्हा भंडारा)

वैनगंगेच्या काठचे लहान शहर, तालुक्याचे ठिकाण. भंडाऱ्याच्या दक्षिणेला सुमारे ४५ कि.मी., तर नागपूरहून उमरेड-भिवापूर मार्गे सुमारे ८५ कि.मी. अंतरावर. रामटेक तालुक्यातही पेंचच्या जंगलाला लागून पवनी नावाचे एक गाव आहे. दोन्हीकडे अभयारण्य असल्यामुळे बाहेरच्या लोकांची नेहमी गल्लत होते. ही नोंद वैनगंगेवरच्या पवनीची.

गावाची ठेवण समजून घ्यायची तर कोटापासून सुरुवात करावी. जुन्या वस्तीला तीन बाजूंनी मातीचा तट आणि त्याला लागून खंदक. चौथ्या बाजूला नदी. शत्रू अडवायला पाणी पुरेसे आहे, हा भरवसा त्या बांधणीत दिसतो. तटाला पुढे दगडी चिरेबंदी आली. गावात शिरण्याचा जुना दरवाजा आता ‘जवाहर गेट’ म्हणून ओळखला जातो.

पवनीचे खरे मोल जमिनीखालून निघाले. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग यांनी शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांच्या देखरेखीखाली येथे उत्खनन केले. गावकरी ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या जगन्नाथ टेकडी आणि सुलेमान टेकडी म्हणत आले, त्या टेकड्या नव्हत्याच. ते विटांचे बौद्ध स्तूप होते. जगन्नाथ टेकडीच्या स्तूपाचा व्यास सुमारे ३८ मीटर आणि सुलेमान टेकडीचा ४१ मीटरहून थोडा अधिक भरला. सांचीच्या मोठ्या स्तूपाचा व्यास सुमारे ३६.६ मीटर आहे, म्हणजे आकाराने पवनीचे दोन्ही स्तूप सांचीपेक्षा मोठे. ही गोष्ट विदर्भातल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक नसावी, याचे वाईट वाटते.

स्तूपाभोवतीच्या दगडी कठड्याचे तुकडे सापडले, त्यांवर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. एका शिल्पातल्या नागाशेजारी त्याचे नावच लिहिले आहे: मुचलिंद, म्हणजे ध्यानस्थ बुद्धावर पावसात फणा धरणारा नाग. मला सर्वांत मोलाचा वाटतो तो विसमिता नावाच्या उपासिकेचा लेख. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या-दुसऱ्या शतकातली ही बाई. आपल्या दानाबद्दल ती लिहवून घेते, ‘सुखाय होतु सवसातानं’, सर्व जिवांच्या सुखासाठी होवो. नवस नाही, राजाची स्तुती नाही, स्वतःसाठी मागणे नाही. आपल्या दानाचे पुण्य सगळ्या जिवांना वाहून टाकणाऱ्या अगदी सुरुवातीच्या लेखांत अभ्यासक त्याची गणना करतात.

याशिवाय भार कुळातील भगदत्त राजाचा लेख असलेला पादुकापट्ट (पावलांची चिन्हे कोरलेली शिळा) आणि महाक्षत्रप कुमार रूपियम्म याचा स्मृतिस्तंभ येथेच मिळाला. रूपियम्मचा स्तंभ नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात आहे. पश्चिम भारतातल्या क्षत्रपांचा, म्हणजे शक राज्यकर्त्यांचा, माणूस वैनगंगेच्या काठी कसा आला, यावर अभ्यासकांनी बराच खल केला आहे. तालुक्यातच रुयाड (सिंदपुरी) येथे जपानी बौद्धांच्या साहाय्याने उभा राहिलेला महासमाधीभूमी स्तूप आहे. जुन्या स्तूपांच्या गावाला त्यामुळे बौद्ध अनुयायांची वर्दळ पुन्हा लाभली.

देवळांच्या दाटीमुळे पवनीला ‘विदर्भाची काशी’ म्हणतात. विदर्भातल्या अष्टविनायकांपैकी पंचमुखी, म्हणजे सर्वतोभद्र, गणेश इथला. वैजेश्वर घाट आणि दिवाण घाट हे नदीवरचे नामांकित घाट. पर्वणीला स्नान, एरवी धुणीभांडी, दहाव्याचे विधी आणि संध्याकाळच्या गप्पा हे सगळे त्याच पायऱ्यांवर चालते.

एके काळी कोष्टी विणकरांचे हातमाग हा गावाचा मोठा आधार होता. बारीक सुताच्या, रेशीमकाठी कापडासाठी पवनीचे नाव होते. गिरणीच्या कापडापुढे तो धंदा टिकला नाही. शेती मात्र भक्कम. तालुक्याचा काही भाग ‘चौरास’ या सुपीक पट्ट्यात मोडतो. मुख्य पीक धान. जून-जुलैत पऱ्हे (रोपे) टाकायचे, पाऊस धरला की बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेतात, चिखलणी करून रोवणी. त्या दिवसांत मजूर बायांचा जथा सकाळीच वाकतो तो दिवस मावळेपर्यंत, पाय चिखलात आणि पाठ पावसात. दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते, रात्री दंडार हे लोकनाट्य नाहीतर झाडीपट्टीचे, म्हणजे पूर्व विदर्भातले, नाटक. पाव्हण्यांनी घर भरले नाही तर मंडई झाली असे कुणी मानत नाही.

पश्चिमेच्या जंगलात उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य आहे. नागझिऱ्याहून चालत आलेल्या ‘जय’ या वाघाने ते देशभर गाजवले. २०१६ पासून तो दिसलेला नाही. नागपूर-नागभीड नॅरोगेज गाडीचे ‘पवनी रोड’ हे स्थानक गावापासून लांबच होते. रुंदीकरणासाठी ही गाडी २०१९ मध्ये थांबली.

आजच्या पवनीचा विचार गोसीखुर्द धरण सोडून करता येत नाही. धरण नदीच्या वरच्या अंगाला, तालुक्यातच आहे. २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते भूमिपूजन झाले. सुरुवातीचा अंदाज ३७२ कोटी रुपयांचा होता, तो पुढे कितीतरी पटींनी वाढला. भंडारा, नागपूर आणि चंद्रपूर या जिल्ह्यांतली अडीच लाख हेक्टर जमीन भिजवण्याचे ते आश्वासन. त्यापायी अनेक गावे उठली. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि कन्हानमधून वैनगंगेला मिळते, ते याच जलाशयात साठते; शहराची घाण खालच्या गावांनी सोसावी, हा अन्याय आहे.

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशातून पाणी आले, धरणाचे ३३ च्या ३३ दरवाजे उघडावे लागले आणि भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत नदीकाठ बुडाला. पूर्वी पावसाचा रंग आणि पाण्याचा गढूळपणा पाहून काठचे लोक डोंगे वर ओढत. आता किती दरवाजे किती उघडले, हे मोबाइलवर कळण्याची वाट पाहावी लागते.

याचा सर्वांत मोठा फटका ढिवरांना, म्हणजे मासेमारी करणाऱ्या समाजाला, बसला आहे. नदी हेच त्यांचे शेत: पाण्यात मासे आणि झिंगे, पाणी ओसरले की रेतीत टरबूज-डांगराच्या वाड्या. रेतीत खड्डा करून, तळाशी शेणखत घालून बी टोचायचे आणि घागरीने पाणी द्यायचे, एवढीच त्यांची शेती. वरून अवेळी पाणी सुटले तर वेल एका रात्रीत जातो. सातबाऱ्यावर त्या रेतीची नोंद नसते, म्हणून भरपाईच्या यादीतही त्या वाडीला जागा नसते. जलाशयातल्या मासेमारीच्या हक्कासाठी ढिवर समाज वर्षानुवर्षे मागणी करत आला आहे.