कोणी, कुठून, कोणाला ऐकले?

दूरदेशीच्या केंद्राशी थेट संपर्क साधणे, म्हणजेच हॅम मंडळींच्या (हौशी रेडिओ चालवणाऱ्यांच्या) भाषेत ‘डीएक्स’ मिळवणे, हा हौशी रेडिओतला सर्वांत जुना आनंद आहे आणि त्यातली अडचणही तितकीच जुनी आहे. हवे असलेले केंद्र कोणत्या वारंवारतेवर आणि कोणत्या वेळी बोलत असेल, हे आधी कळत नाही. रेडिओच्या खरखरीला कान लावून ते शोधावे लागते. महासागरातल्या एखाद्या निर्जन बेटावर गेलेले पथक आपल्याकडे दिवसातून जेमतेम अर्धा तास ऐकू येत असेल, तर तो अर्धा तास हुकणे अगदी सोपे असते. म्हणून असे केंद्र सापडले की मित्रांना लगेच फोन करायचा, हा रिवाज फार पूर्वीपासून होता.

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील डिक न्यूएल या हॅमने ‘पॅकेटक्लस्टर’ ही संगणकप्रणाली लिहून या रिवाजाला जाळ्याचे रूप दिले. पॅकेट रेडिओने, म्हणजे माहितीचे छोटे गठ्ठे रेडिओलहरींवरून पाठवणाऱ्या पद्धतीने, परस्परांशी जोडलेल्या संगणकांपैकी एकावर टाकलेली बातमी त्यामुळे सर्वांच्या पडद्यावर दिसू लागली. पुढे हे संगणक इंटरनेटने जोडले गेले आणि आज ‘डीएक्स क्लस्टर’वर टाकलेली नोंद काही सेकंदांत जगभर पोहोचते. या नोंदीला ‘स्पॉट’ म्हणतात. त्यात ऐकणाऱ्याचे कॉलसाइन (परवान्यासोबत मिळालेले ओळखचिन्ह), ज्याला ऐकले त्याचे कॉलसाइन, वारंवारता, जागतिक प्रमाणवेळ आणि जमल्यास चार शब्दांचा शेरा असतो.

स्पॉट वाचताना नवखे हॅम आधी दुर्मीळ कॉलसाइन पाहतात. माझ्या मते आधी पाहावे ते ऐकणाऱ्याचे. समजा, डिसेंबरमध्ये जर्मनीतील एका हॅमने जागतिक प्रमाणवेळेनुसार १३:३० वाजता २८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर कॅरिबियन बेटांवरचे केंद्र ऐकल्याची नोंद केली. त्या वेळी जर्मनीत दुपार असते, कॅरिबियनमध्ये सकाळ असते आणि मधल्या अटलांटिकवरही ऊन असते. सूर्याच्या अतिनील किरणांनी आयनांबराचा, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित भागाचा, साधारण २०० ते ४०० किलोमीटर उंचीवरचा एफ थर भारून निघालेला असतो आणि तो या लहरी जमिनीकडे परत वळवतो. त्याच क्षणी पुण्यात संध्याकाळचे सात वाजलेले असतात, सूर्य मावळलेला असतो आणि २८ मेगाहर्ट्झचा पट्टा मिटत चाललेला असू शकतो. तो स्पॉट शंभर टक्के खरा असूनही पुण्याच्या हॅमला त्याच वारंवारतेवर शांतता मिळू शकते. उलट ७ मेगाहर्ट्झच्या लहरी दिवसा ६० ते ९० किलोमीटरवरच्या डी थरात शोषल्या जातात आणि सूर्यास्तानंतर तो थर विरला की त्याच दूरवर जाऊ लागतात. स्पॉट सांगतो ते ऐकणाऱ्याच्या डोक्यावरच्या आकाशाबद्दल, आपल्या नव्हे.

हीच गोष्ट उलट बाजूने पाहिली की या जाळ्याचे खरे मोल कळते. प्रत्येक स्पॉट हा पृथ्वीवरच्या दोन बिंदूंमधला मार्ग एका ठरावीक वारंवारतेसाठी त्या क्षणी उघडा होता, याचा पुरावा असतो. असे लाखो पुरावे एकत्र केले की आयनांबराची हालचाल दिसू लागते. मात्र त्यासाठी नोंद माणसाच्या मर्जीवर सोडून चालत नाही. २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘रिव्हर्स बीकन नेटवर्क’ने हे काम यंत्राकडे सोपवले. जगभर विखुरलेले त्याचे रिसीव्हर मोर्स संकेत आपोआप वाचतात आणि संदेश गोंगाटाच्या तुलनेत किती डेसिबल वर होता, हेही लिहून ठेवतात. १३ मे २०१३ रोजी सूर्यावर मोठा भडका उडाला आणि क्ष-किरणांमुळे उन्हातल्या बाजूचा डी थर एकाएकी दाट झाला, तेव्हा लघुलहरींचे मार्ग कसे बंद पडले आणि मग कसे सावरले, हे संशोधकांनी याच नोंदींवरून दाखवून दिले.

डब्ल्यूएसपीआर (‘वीक सिग्नल प्रोपगेशन रिपोर्टर’) ही पद्धत याहून काटेकोर आहे. ती विकसित करणारे जोसेफ टेलर हे स्वतः हॅम आहेत आणि जोड-पल्सारच्या (एकमेकांभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांच्या जोडीतल्या पल्सारच्या) शोधासाठी १९९३ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या दोघांपैकी एक आहेत. यात अवघ्या ५० बिटांचा संदेश जवळजवळ ११० सेकंद सावकाश पाठवला जातो. त्यात कॉलसाइन, नकाशावरचा जागेचा चौकोन आणि प्रसारणाची शक्ती एवढेच असते. संदेश इतका संथ आणि इतक्या अरुंद पट्ट्यातला असल्यामुळे कानाला निव्वळ गोंगाट ऐकू येत असतानाही संगणक तो वेगळा काढू शकतो, आणि एक वॅटपेक्षा कमी शक्तीचे प्रसारण हजारो किलोमीटरवर नोंदले जाते. पाठवणाऱ्याने आपली शक्ती सांगितलेली असल्याने ही नोंद मोजमाप म्हणून वापरता येते, जे साध्या स्पॉटच्या बाबतीत शक्य नसते.

या माहितीत एक मोठी उणीव आहे. मार्ग उघडा असला तरी त्यावर कोणी बोललेच नाही, तर नोंद होत नाही. २१ ऑगस्ट २०१७ रोजी अमेरिकेत खग्रास सूर्यग्रहण झाले, तेव्हा ‘हॅमसाय’ या गटाने ग्रहणकाळात जास्तीत जास्त हॅम प्रसारणावर राहावेत म्हणून खास स्पर्धा ठेवली. चंद्राची छाया सरकत असताना १४ मेगाहर्ट्झवरचे संपर्क घटले, तर ७ मेगाहर्ट्झ आणि त्याखालच्या पट्ट्यांवर एरवी रात्री मिळणारे दूरचे संपर्क दिवसा मिळू लागले.

दुसरी उणीव आपल्याला अधिक जवळची आहे. युरोप आणि उत्तर अमेरिकेत नोंद करणारे रिसीव्हर दाट आहेत, भारतीय उपखंडात ते विरळ आहेत. वास्तविक चुंबकीय विषुववृत्त, म्हणजे पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र जिथे जमिनीला समांतर असते ती रेषा, भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते आणि पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे एक संशोधन केंद्र त्यासाठीच तिरुनेलवेलीत आहे. या पट्ट्यात सूर्यास्तानंतर एफ थराच्या तळाशी कमी घनतेचे बुडबुडे तयार होऊन वर चढतात आणि त्यांच्यातून जाणाऱ्या लहरी थरथरू लागतात. संध्याकाळी सहा ते मध्यरात्रीपर्यंत नागपूर, रत्नागिरी किंवा पणजीतला एक साधा रिसीव्हर डब्ल्यूएसपीआरच्या पट्ट्यावर रोज चालू राहिला, तर या बदलांच्या काळात दक्षिणेकडून आणि पश्चिमेकडून येणारे संदेश कधी मंदावतात, कधी तुटतात आणि कधी परत येतात, याची आज जवळजवळ रिकामी असलेली नोंदवही भरू लागेल.